फोर लो टाकूनही गाडी उतारावर पळते, तेव्हा

कच्चा डोंगरउतार फोर व्हील ड्राइव्ह गाडीने उतरणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. "फोर लो (चारही चाकांना जोडणारी, कमी वेगाची नि जास्त जोराची गिअर रेंज) टाकलं होतं, पहिला गिअर होता, तरी गाडी धरली नाही." पुढचं वाक्यही ठरलेलं: "मग ब्रेक दाबला आणि गाडी मागून फिरली." त्यानंतर ब्रेक उघडून बघितले जातात, लायनर बदलले जातात, कुणी टायरचा अख्खा सेट बदलतो. पुढच्या कच्च्या उतारावर पुन्हा तेच. कारण बहुतेक वेळा बिघाड ब्रेकमध्ये नसतोच. त्या क्षणी गाडीला नेमकं कोण धरून आहे, इंजिन की ब्रेक, चार चाकं की दोन, की कुणीच नाही, हे चालवणाऱ्याला कळलेलं नसतं. ते कळलं की दोष सापडायला वेळ लागत नाही.

पहिली तपासणी कानाने करायची. गाडी वेग घ्यायला लागली की इंजिनाचा आवाज ऐका.

इंजिन ओरडतंय आणि वेगही वाढतोय, तर जोडणी शाबूत आहे, फक्त गिअर वरचा पडलाय. हिशेब सोपा आहे. पहिल्या गिअरचं प्रमाण 4, लोचं 2.5 आणि डिफरन्शियलचं (डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीचं) 4 धरलं तर गुणाकार येतो 40. इंजिनाचे चाळीस फेरे झाले की चाकाचा एक. 1000 आरपीएमला चाक मिनिटाला 25 वेळा फिरतं, टायरचा घेर 2.3 मीटर असेल तर गाडी ताशी साडेतीन किलोमीटरने उतरते, म्हणजे माणसाच्या सावकाश चालीने. तोच पहिला गिअर हायमध्ये, म्हणजे नेहमीच्या रस्त्याच्या रेंजमध्ये असेल तर गुणाकार 16 वर येतो, त्याच आरपीएमला वेग साडेआठच्या पुढे जातो आणि इंजिनाची चाकावरची पकडही त्याच प्रमाणात, अडीच पटीने, घटते. "पहिला टाकला होता" एवढं सांगून म्हणूनच भागत नाही. कुठला पहिला?

वरचा गिअर पडलाय हे अर्ध्या उतारावर लक्षात आलं तर तिथे बदलायला जाऊ नका. बदलायचा म्हणजे क्लच दाबायचा, आणि क्लच दाबला की होती ती पकडही गेली. ब्रेकची हलकी साथ देत जमेल तशी उतरवा, किंवा पूर्ण थांबता येत असेल तर थांबा आणि मग बदला.

इथे एक लहानशी गोष्ट, जिने बरेच जण गोंधळतात. ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असतो, गिअर बरोबर असतो, तरी गाडी मागून कुणी ढकलतंय असं वाटतं. सकाळी गार इंजिनाने हे हमखास होतं. इंजिन गार असताना त्याचं आयडलिंग चढं ठेवलेलं असतं आणि ते बंद पडू नये म्हणून कंट्रोल युनिट इंधन देत राहतं. पाय वर असला तरी इंजिन खरोखरच ढकलत असतं. पाच मिनिटं गरम होऊ द्या, मग उतरा.

दुसरी शक्यता: इंजिन शांत गुरगुरतंय, चाकं मात्र जोरात फिरतायत. याचा अर्थ इंजिन आणि चाकांचा संबंध मधेच कुठेतरी तुटलाय. बहुधा डाव्या पायाने. पाय सवयीने क्लचवर जातो, कारण रस्त्यावर थांबताना आपण वर्षानुवर्षं ब्रेक आणि क्लच जोडीनेच दाबत आलोय. कच्च्या उतारावर डावा पाय क्लचपासून लांब, गाडीच्या तळाला टेकवून ठेवायचा. यात दुसरा धोकाही आहे, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. लोचा पहिला गिअर टाकून क्लच दाबलेल्या गाडीने ताशी 40 चा वेग घेतला, तर वरच्याच हिशेबाने चाकं क्लच प्लेटला साडेअकरा हजार आरपीएमच्या आसपास फिरवत असतात. इंजिन आयडलवर असतं, टॅकोमीटर काहीच दाखवत नाही, आणि प्लेट फुटू शकते.

क्लचवर पाय नव्हता? मग ट्रान्सफर केस बघा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी आणि हाय-लो बदलणारी पेटी. बऱ्याच गाड्यांमध्ये फोर हाय आणि फोर लोच्या मधे न्यूट्रल असतो. दांडा पूर्ण बसला नसेल तर गाडी त्या न्यूट्रलमध्ये राहते, आणि मग गिअरबॉक्समध्ये काहीही टाका, अगदी ऑटोमॅटिकचं पार्क टाका, गाडी गडगडतच जाते. फोर लो नेहमी सपाटीवर, गाडी उभी करून टाकायचा आणि चार हात पुढे-मागे करून खात्री करूनच कड्याकडे वळायचं.

ऑटोमॅटिकवाल्यांचं दुखणं वेगळं. काही गिअरबॉक्समध्ये, विशेषतः जुन्या, डीमधला (नेहमीच्या ड्राइव्हमधला) पहिला गिअर वन-वे क्लचवर चालतो. इंजिन चाकांना ओढू शकतं, पण चाकं इंजिनाला ओढू शकत नाहीत, सायकलच्या फ्रीव्हीलसारखं. तिथे इंजिन ब्रेकिंग शून्य. एल किंवा 1 वर दांडा आणला की आतला दुसरा क्लच किंवा बँड लागतो आणि पकड येते. नव्या गाड्यांत मॅन्युअल मोडमध्ये पहिला गिअर धरून ठेवावा लागतो, नाहीतर डीमध्ये आरपीएम वाढले की गिअरबॉक्स शहाणपणाने वरचा गिअर टाकून मोकळा होतो. टॉर्क कन्व्हर्टरची (क्लचच्या जागी असलेल्या तेलातल्या जोडणीची) थोडी घसर असतेच, त्यामुळे ऑटोमॅटिकला ब्रेकची साथ जरा जास्त लागते. त्यात कमीपणा काही नाही.

तिसरी शक्यता सगळ्यात जास्त आढळते आणि सगळ्यात कमी ओळखली जाते. इंजिनही हळू, चाकंही हळू, आणि गाडी मात्र वेगात. म्हणजे टायर घसरतायत. गिअर, ब्रेक, इंजिन सगळं आपापलं काम करतंय, पण जमीन साथ देत नाहीये. अशा वेळी ब्रेक आणखी दाबणं म्हणजे आगीत तेल.

यासाठी थोडं गणित करू, कारण ते एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं. 20 अंशांचा उतार घ्या, म्हणजे शेकडा 36. कागदावर तो किरकोळ दिसतो, पण बॉनेटच्या वरून बघितला तर पोटात गोळा येतो. चारही चाकांनी धरलं तर अशा उतारावर गाडी एकसारख्या वेगात ठेवायला 0.36 घर्षणांक, म्हणजे टायर आणि जमिनीतल्या पकडीचा आकडा, पुरतो. सुट्या खडीवर साधारण 0.4 ते 0.6 मिळतो, म्हणजे निभतं. आता गाडी टू व्हील ड्राइव्हमध्ये आहे आणि इंजिन फक्त मागच्या चाकांना धरतंय असं समजा. उतारावर वजन पुढे झुकतं. अडीच मीटर व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) आणि जमिनीपासून पाऊण मीटरवर गुरुत्वमध्य असलेली, सपाटीवर निम्मं-निम्मं वजन असणारी गाडी 20 अंशांवर मागच्या चाकांवर जेमतेम 39 टक्के भार टाकते. तेवढ्या भारावर अख्खी गाडी धरायची तर घर्षणांक लागतो 0.93. तो कोरड्या डांबरावर मिळेल. खडीवर, मुरुमावर, मातीवर विसरा. मागची चाकं घसरणार आणि गाडी मागून फिरणारच. चालत्या गाडीत हँडब्रेक ओढल्यावर जे होतं, तेच इथे इंजिन करतं.

"पण माझी तर फोरमध्ये होती." खरंच होती का? हे मी स्वानुभवावरून विचारतोय. माझ्या जुन्या गाडीच्या पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे लॉकिंग हब होते, म्हणजे चाक त्याच्या ॲक्सलला जोडणारे किंवा सोडणारे खटके. दोन सहलींमध्ये गाडी प्रत्येक उतारावर शेपूट हलवत होती आणि मी टायरला शिव्या घालत होतो. तिसऱ्या वेळी खाली उतरून बघितलं, तर डावीकडचा हब फ्रीवरच होता. पुढचं डिफरन्शियल उघडं, म्हणजे लॉक नसलेलं, असेल तर एका बाजूचा हब सुटा असला की दुसऱ्या बाजूचंही चाक काही धरत नाही. म्हणजे डॅशबोर्डवर फोर लोचा दिवा लावून मी इतके दिवस टू व्हील ड्राइव्हच उतरवत होतो. दिवा बहुतेक गाड्यांत ट्रान्सफर केसची स्थिती सांगतो, हबची नाही. काही जुन्या ऑटोमॅटिक हबचा तर स्वभावच असा, की ताण उलटा झाला, म्हणजे गाडी इंजिनाला ढकलू लागली, की ते सुटतात. नेमके उतारावरच. खात्री करायची साधी युक्ती: सुट्या मातीच्या सपाटीवर फोरमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून पावलाच्या वेगाने गाडी फिरवा. पुढची चाकं खरोखर जोडलेली असतील तर गाडी अडखळते, जड जाते. लोण्यासारखी वळली तर काहीतरी जोडलेलं नाही. (हे पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरत्या जोडायच्या फोर व्हील ड्राइव्हबद्दल. ज्यांची चारही चाकं कायम जोडलेली असतात त्या फुल-टाइमवाल्यांनी सेंटर डिफ लॉक, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधल्या डिफरन्शियलचा लॉक, टाकला का ते बघावं; तो न टाकता उतरणं म्हणजे हलक्या झालेल्या मागच्या चाकांच्या हाती सगळा कारभार देणं.)

बरं, चारही चाकं धरतायत आणि तरी घसरतंय. मग जमीनच तशी आहे. ओल्या चिकणमातीवर घर्षणांक 0.3 किंवा त्याहूनही खाली जातो, आणि 20 अंशांना 0.36 लागतो. हे अंतर कुठलीही गाडी, कुठलाही ड्रायव्हर, कुठलंही बटण भरून काढत नाही. तिथे गाडी थांबवता येणारच नाही हे गृहीत धरून उतरायचं, किंवा उतरायचंच नाही.

आता मागून फिरायला लागलेल्या गाडीचं काय करायचं. उत्तर ऐकून लोक हसतात: हलकी रेस द्यायची. जाम झालेलं किंवा गाडीच्या वेगापेक्षा हळू फिरणारं चाक घसरतं, आणि घसरणाऱ्या चाकाला बाजूची दिशा धरता येत नाही. ते आडवंही तितक्याच आनंदाने जातं. चाक पुन्हा गाडीच्या वेगाने फिरायला लागलं की त्याला दिशा परत मिळते. ब्रेक पूर्ण सोडा, ॲक्सिलरेटरला पायाचा अंगठा लावल्यासारखा स्पर्श करा आणि नाक उताराच्या सरळ रेषेत खाली वळवा. गाडी सरळ झाली की पाय काढा, इंजिन पुन्हा धरेल. वेग क्षणभर वाढतो. तो वाढू द्यावा लागतो, आणि हेच मनाला पटत नाही. म्हणून ही सवय छोट्या, मोकळ्या, खाली भरपूर सपाटी असलेल्या उतारावर आधी करून घ्यावी. तिथे मुद्दाम ब्रेक दाबून गाडी थोडी घसरवायची आणि मग सोडवायची. पाच-सहा वेळा केलं की पाय ऐकायला लागतो.

उलट्या बाजूने विचार करून उतार तिरका उतरायचा मोह मात्र टाळा. "आडवं-आडवं गेलं की चढ कमी लागतो" हे पायी चालणाऱ्याचं शहाणपण आहे. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर दीड मीटर आणि पाऊण मीटरवर गुरुत्वमध्य, म्हणजे कागदावर गाडी 45 अंशांपर्यंत कलायला हरकत नाही. प्रत्यक्षात स्प्रिंग खालच्या बाजूला दबतात, टपावरच्या कॅरिअरवर सामान असतं, खालचं चाक खड्ड्यात जातं नि वरचं दगडावर चढतं, आणि तो आकडा बघता बघता निम्म्यावर येतो. सरळ उतारावर घसरलेली गाडी खाली जाऊन थांबते. आडवी घसरलेली गाडी उलटते.

आणखी एक लक्षण: गाडी व्यवस्थित धरलेली असते, आणि मधेच एका खळग्यावर कुणीतरी दोर सोडल्यासारखी पुढे झेपावते. तिथे एक चाक हवेत गेलेलं असतं. उघड्या डिफरन्शियलमध्ये हवेतलं चाक स्वैर फिरतं, क्वचित उलटंही, आणि त्या ॲक्सलवरची इंजिनाची पकड तेवढ्यापुरती नाहीशी होते. दोष कशातच नाही. असा खळगा यायच्या आधीच ब्रेकवर पायाचा हलका भार ठेवा आणि चाक टेकल्यावर काढा. मागचा डिफ लॉक (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) असेल तर अशा जागी तो टाकावा. पुढचा मात्र वळायचं असेल तर नको. तो टाकल्यावर गाडी स्टिअरिंगचं ऐकत नाही.

ब्रेकबद्दल शेवटी बोलतोय, कारण लोक सुरुवात तिथून करतात. दोन टनांची गाडी 100 मीटर उंचीवरून खाली आणायची म्हणजे जवळपास वीस लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरवायची. तेवढ्यात सहा लिटर गार पाण्याला उकळी येते. इंजिनाने धरलं तर त्यातला बराच भाग इंजिनात जिरतो. नुसत्या ब्रेकने धरलं तर सगळी उष्णता पॅड, डिस्क, ड्रम आणि ब्रेक ऑइलमध्ये जाते, आणि हळू उतरणाऱ्या गाडीला वाराही लागत नाही. पॅडल काय सांगतं ते पायाने ओळखा. पॅडल कडक आहे, जळका वास येतोय, पण गाडी धरत नाही, तर पॅड तापलेत; थांबून गार होऊ द्या. पॅडल मऊ होऊन तळाला जातंय, तर ऑइल उकळून त्यात वाफ झालीय. डॉट 3 प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असतो, पण ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तोच मानक 140 वर येतो. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. दोन वर्षांपूर्वीचं ऑइल घेऊन डोंगर उतरणाऱ्याने हे आकडे लक्षात ठेवलेले बरे. पॅडल दगडासारखं घट्ट झालंय आणि जोर लावूनही दबत नाही, तर इंजिन बंद पडलेलं असणार.

उतारावर इंजिन बंद पडलं तर पॅडल पंप करू नका. पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा दाबण्यापुरतीच व्हॅक्यूम शिल्लक असते. एकदाच ठाम दाबून धरा, हँडब्रेक ओढा, मग क्लच दाबून इंजिन चालू करा, गिअर तोच राहू द्या, क्लच पूर्ण सोडा आणि त्यानंतरच ब्रेक हळूहळू मोकळा करा. स्टिअरिंग जड झालेलं असतं, त्याला घाबरू नका.

एबीएसबद्दल दोन शब्द. सुट्या खडीवर जाम झालेलं चाक पुढे खडीचा ढीग साठवतं आणि त्या ढिगामुळे गाडी लवकर थांबते. एबीएस चाक जाम होऊच देत नाही, त्यामुळे ढीग साठत नाही आणि अंतर वाढतं. पॅडल थरथरतंय आणि गाडी चाललीच आहे, हा अनुभव ज्यांना आलाय त्यांच्या गाडीत बिघाड नाही. अनेक गाड्यांत लो किंवा ऑफ-रोड मोड टाकला की एबीएस चाकाला थोडा वेळ जाम राहू देतं, म्हणून मोड बरोबर निवडा.

हिल डिसेंट कंट्रोल, म्हणजे उतारावर गाडीचा वेग आपोआप आवरणारं बटण, 1997 मध्ये लँड रोव्हर फ्रीलँडरवर आलं, आणि ते का आलं हे सांगण्यासारखं आहे: त्या गाडीला लो रेंजच नव्हती. इंजिनाने जे धरायचं ते एबीएसच्या यंत्रणेतून प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगवेगळा लावून साधलं. एकेक चाक स्वतंत्र धरणं कुठल्याच पायाला जमत नाही, त्यामुळे खळग्यांच्या उतारावर ते माणसापेक्षा सरस ठरतं. पण ते ब्रेकच वापरतं. लांब उतारावर ब्रेक तापतात, दिवा लुकलुकतो आणि यंत्रणा हळूच सुट्टीवर जाते. लो रेंज असेल तर आधी ती टाका, बटण त्याच्या जोडीला.

आणि हे सगळं वर उभं असताना ठरतं. गाडीतून उतरा, उतार पायी खालपर्यंत चाला, बुटाची टाच घासून बघा. टाच घसरत असेल तर टायरही घसरणार. खाली वळण आहे का, मोकळी सपाटी आहे का, मधे पायरीसारखा दगड आहे का ते बघा. परत वर येताना दम लागला तर तेवढ्यात विचार करायला वेळ मिळतो. टायरमधली हवा रस्त्यावरच्या 32 पीएसआयवरून 22 ते 24 वर आणली की जमिनीवर टेकणारा भाग लांबतो. बीडलॉक (टायरची कड रिमवर पक्की धरणारी कडी) नसताना 15 च्या खाली जाऊ नये, उतारावर पुढच्या टायरवर भार जास्त असतो. टपावरचं सामान आत घ्या आणि बांधा. मागच्या सीटवरचा सैल जॅक अशा उतारावर ड्रायव्हरच्या डोक्याकडे निघतो. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका, कडेवर ठेवा; दगडाने चाक झटकलं तर अंगठा मोडतो. दिशा दाखवणारा एकच माणूस असावा आणि त्याने गाडीच्या खाली समोर न राहता बाजूला उभं राहावं. एक गाडी पूर्ण खाली जाऊन बाजूला झाल्याशिवाय दुसरीने नाक खाली करू नये.

खाली पोचल्यावर लगेच इंजिन बंद करून चहाचा थर्मास काढू नका. ब्रेक तापले असतील तर सपाटीवर थोडं अंतर ब्रेक न लावता गाडी चालवा म्हणजे वारा लागेल. पक्का रस्ता लागायच्या आत पार्ट-टाइम गाडी टू हायमध्ये (दोनच चाकांच्या नेहमीच्या रेंजमध्ये) आणा. दांडा अडकून बसला तर जोर करू नका, ट्रान्समिशनमध्ये ताण साठलेला असतो. चार हात सरळ मागे घ्या, तो सुटतो. मग हब मोकळे करा. दोन्ही.